वापरानंतर उरलेलं, ग्रॅममध्ये

ताटलीतलं पाणी तिसऱ्या दिवशी पूर्ण वाळलं, आणि जे तिथे असायला नको होतं ते तिथे होतं. सकाळी चहाचा पेला घेऊन मी बाल्कनीत आलो होतो. दोन दिवस शेहिली सुटला होता, दक्षिणेकडचा तो गरम वारा, जो सुटला की आमच्या सफाक्स शहरात वाळत घातलेली चादर तासाभरात पुठ्ठ्यासारखी ताठ होते. ताटलीच्या तळाशी साबणाचा पिवळट थर बसला होता. नखाने त्याची कड उचलली तर त्यातून एक पापुद्रा सुटून वर आला, कांद्याच्या सालीइतका पातळ आणि आरपार दिसणारा. माझ्या बोटाला चिकटून तो वाऱ्यावर थरथरत राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. बत्तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आलो. पेल्यात मीठ टाका, ढवळा, कुठे गेलं? मुलं ओरडायची, गेलं, संपलं. मग मी एकेकाला बोट बुडवून चाखायला लावायचो आणि उरलेलं पाणी ताटलीत ओतून खिडकीत ठेवायचो. दोन दिवसांनी ताटलीत पांढरे कण दिसले की ज्या मुलाने सगळ्यांत मोठ्याने 'संपलं' म्हटलेलं असायचं त्याच्याकडे मी बघायचो, आणि तो हसायचा. दिसत नाही म्हणून गेलं असं नसतं, एवढं एकच वाक्य मी आयुष्यभर विकलं. आणि आज, एकोणसत्तराव्या वर्षी, तेच वाक्य बोटाला चिकटलेलं पाहून मला घाम फुटला. कारण पापुद्र्याबरोबर वासही आला. या साबणाला लिंबाचा कसलासा खोटा वास असतो, तो नव्हे. मला आला तो जाव्हेलचा, कपडे पांढरे करणाऱ्या त्या जहाल पाण्याचा, आणि तो ताटलीतून येत नव्हता.

आतून जलीला म्हणाली, "ताटलीत वाढून ठेवलंय ते खाणार आहात की धुणार आहात, सी मोंजी?" चाळीस वर्षांच्या संसारात ती मला 'सी', म्हणजे 'श्रीयुत', लावते ते फक्त टोमणा मारताना. माझं त्या समितीवर जाणं तिला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. निवृत्त मास्तरला बोलावतात ते बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर ठेवतात तसं, असं तिचं मत. वेळ कुणी बघत नाही, भिंत रिकामी दिसू नये एवढंच. तिचं चुकत नव्हतं. नगरपालिकेने तिघांची समिती नेमली होती. अध्यक्ष नाइला, माझीच एके काळची विद्यार्थिनी, आता स्वच्छता खात्यात मोठ्या खुर्चीवर. दुसरा अनीस, इंजिनियर, कमी बोलणारा, वजनकाटा स्वतःच्या पिशवीतून आणणारा. तिसरा मी, कागदावर 'परिसरातील ज्येष्ठ नागरिक'. काम सोपं वाटावं असं होतं. निसर्गाला जपणारा म्हणून शहरात जो कपडे धुण्याचा माल विकला जातो, त्यातला कोणता सगळ्यांत कमी प्लास्टिक मागे टाकतो ते ठरवायचं. बरेच अर्ज आले, गाळत गाळत तीन उरले. एक होता जुन्या प्लास्टिकपासून बनवलेल्या जाड हिरव्या बाटलीतला द्रवसाबण. दुसरी साबणाची पानं. तळहाताएवढी, कागदासारखी पातळ, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेली, मशीनमध्ये एक टाकलं की विरघळून जाणारी. आणि तिसरं वसीलाचं दुकान.

दुकान कसलं, मासळीबाजाराच्या मागच्या अंगाला नगरपालिकेच्या जागेत तीन निळी पिंपं, त्यांना खाली पितळी नळ आणि एक नरसाळं. दोन पिंपांत द्रवसाबण, एकात जाव्हेल. लोक घरून रिकामी बाटली आणतात, ती भरून घेतात. आमच्याकडे पाण्याची बाटली कुणी एकदाच वापरून टाकत नाही. तिच्यात ऑलिव्हचं तेल भरतात, संत्र्याच्या फुलांचं पाणी भरतात, साबण भरतात. म्हणून बाटलीच्या गळ्याला लोकरीचा धागा बांधायची रीत आहे. तेलाला हिरवा, फुलांच्या पाण्याला पांढरा, आणि जे पिऊ नये त्याला लाल. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि बोलायला न लागलेल्या पोरांनाही लाल धागा कळतो. वसीला तर धाग्याशिवाय बाटली नळाखाली धरतच नाही. तिच्या गल्ल्याशेजारी लाल लोकरीचा गुंडा असतो, ती स्वतः दोन गाठी मारते, ओढून बघते, मग नळ सोडते. घाईत असलेल्या बायका कुरकुर करतात. एकदा एक जण म्हणाली होती, वसीला, साबण घ्यायला आले की बाटलीचं लग्न लावायला? वसीला हसली नाही. ती फारशी हसत नाही. तिचा परवाना महिनाअखेरीस संपत होता, आणि आमचा निकाल तिच्या फाइलला जोडला जाणार होता. पहिल्या येणाऱ्याला शहरातल्या सगळ्या बालवाड्यांच्या चादरी धुण्याचं काम मिळणार होतं. वसीलाला ते काम नकोच होतं. तिने अर्ज केला तो पिंपं जागेवर राहावीत म्हणून. अर्ज मीच लिहून दिला होता, जलीलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि वसीला समोर हात मांडीवर ठेवून बसली होती, शाळेत बसायची तशी.

नमुना घ्यायला अनीस आणि मी गेलो तेव्हा नळावर लाज़हर होता, वसीलाचा धाकटा भाऊ. पस्तिशीचा आहे, खांद्याने रुंद, पण आवाज घशातून न येता कुठूनतरी बाजूने, फटीतून आल्यासारखा येतो. अनीसला तो ऐकू गेला नाही. त्याने दोनदा 'काय?' विचारलं, आणि तिसऱ्यांदा मीच सांगितलं की तो तुम्हाला चहा घेणार का विचारतोय. लाज़हर भाकरी बसीसात, भाजलेल्या पिठाच्या पातळ कालवणात, भिजवून खातो, मासा खाताना त्याची बहीण काटे काढून देते. हे मला ठाऊक आहे कारण मी बघतो. तीस वर्षं बघत आलोय, त्या दुकानावरून जाताना, लग्नात, ईदच्या सकाळी मशिदीच्या दारात. त्या दिवशीही मी अनीसच्या काट्याकडे बघायचं सोडून लाज़हरच्या गळ्याकडे, चहा गिळताना तिथे जी कसरत होते तिच्याकडे बघत होतो. अनीसने भरलेली बाटली घेतली, रिकामी केली, धुतली, वाळवली आणि काट्यावर ठेवली. चौतीस ग्रॅम, टोपणासह. त्याने फॉर्ममध्ये लिहिलं. फॉर्ममध्ये सगळं एका रकान्यावर येऊन थांबत होतं. 'वापरानंतर घरात उरलेलं प्लास्टिक, ग्रॅममध्ये.' हिरवी बाटली एकसष्ट. वसीला चौतीस. पानं शून्य.

मी नाइलाला म्हटलं होतं की ही बाटली वसीलाने बनवली नाही, विकलीही नाही. कुणीतरी पाणी पिऊन टाकून दिली असती, ती हिच्या नळाखाली दहा वेळा येते. मग चौतीस ग्रॅम हिच्या नावावर का? नाइलाने पेन खाली ठेवलं आणि मी मुलांशी बोलायचो त्या सुरात मला समजावलं. "सीदी, बाटलीत आत्ता काय आहे तेच आम्ही बघतो. आधी काय होतं याला रकाना नाही." आमच्याकडे मास्तरला मुलं सीदी म्हणतात, आणि मुलं पन्नाशीची झाली तरी ते सुटत नाही; तुम्ही चुकत असलात तरी सीदी, तुम्हाला गप्प बसवायचं असलं तरी सीदी. मी पानांबद्दल विचारलं, ती कशाने बांधलेली असतात. तिने अनीसकडे पाहिलं. अनीसने काही लपवलं नाही. म्हणाला की साबण धरून ठेवायला एक पापुद्रा लागतो, त्याचं नाव लांबलचक आहे, आणि तसं म्हटलं तर ते प्लास्टिकच, पण पाण्यात विरघळणारं. विरघळल्यावर काट्यावर ठेवायला काही राहत नाही, म्हणून शून्य. ते बोलत असताना मी खोक्यातली दोन पानं खिशात घातली, चोरल्यासारखी. घरी येऊन ताटलीत थोडं पाणी घेतलं.

आणि आता पापुद्रा बोटावर होता आणि नाकात जाव्हेल. त्या वासाला एक दिवस आहे, एक वार आहे. मंगळवार. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की माझ्याइतकं चांगलं या शहरात कुणी शिकवत नाही. ही बढाई नाही, हा त्या वेळचा आजार होता. मी चौथीला मापं शिकवणार होतो. पुस्तकातल्या चित्रातून नव्हे, हातांनी. एका बाटलीत किती पेले, अर्ध्या बाटलीत किती, हे मुलांनी ओतून बघायचं. सोमवारी शाळा सुटताना मी सांगितलं की उद्या प्रत्येकाने एक बाटली आणायची. प्लास्टिकची, स्वच्छ, आरपार दिसणारी, गळ्याला धागा-बिगा काही नसलेली, कारण पाण्याची पातळी दिसली पाहिजे आणि सगळ्या बाटल्या सारख्या दिसल्या पाहिजेत. आणि मुलं हसावीत म्हणून पुढे म्हटलं, ज्याच्याकडे बाटली नाही तो माणूस मोजायचा नाही. मुलं हसली. वसीला हसली नव्हती का? ते मला आठवत नाही, आणि मी आठवायचा प्रयत्न खूप केला आहे. ती दुसऱ्या बाकावर बसायची. दहा वर्षांची, सांगितलेलं सगळं तंतोतंत करणारी. पहिलीत तिला बुटाची गाठ मारता येत नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसून चार दिवस रोज शिकवलं होतं. सुटली की म्हणायचो, पुन्हा. घाई नाही. पाचव्या दिवशी गाठ बसली तेव्हा तिने बूट मला दाखवला नाही, स्वतःच बराच वेळ बघत बसली. अशा मुलीला मास्तरने बाटली आणायला सांगितली तर ती बाटली आणणारच.

त्यांच्या घरात तेव्हा आरपार दिसणारी बाटली एकच होती. ती तिने आणली. मी बाकांमधून फिरत होतो, एकेक बाटली उजेडात धरून बघत होतो, कौतुक करत होतो. कुणाच्या बाटलीत मुंगी, कुणाची तेलकट. वसीलाची बाटली काचेसारखी चकचकीत होती. मी ती हातात घेतली, नाकाशी नेली. का नेली, कोण जाणे. मास्तरांना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय असते. जाव्हेल. कितीही धुतलं तरी पहिल्या दिवशी जात नाही. मग मला तिचं मनगट दिसलं. त्यावर लाल लोकरीचा धागा होता, दोन गाठी मारलेला, मी शिकवल्या तशा. म्हणजे मला कळलं. हे मी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःशी खोटं बोलायचं वय गेलं, तर कळलंच. ही बाटली जाव्हेलची, धागा हिने सोडला, आणि सोडताना आतलं जाव्हेल कशाततरी ओतलं. कशात ओतलं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. चौथीतल्या मुलालाही सुचला असता, आणि मी तर प्रश्न विचारायचाच पगार घेत होतो. पण मागच्या बाकावर दोघांनी पाणी सांडलं, मी तिकडे वळलो, आणि वळता वळता तिला म्हणालो, शाबास, सगळ्यांत स्वच्छ बाटली वसीलाची. तिचा चेहरा फुलला. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. लाज़हरने लिमोनाडच्या काचेच्या बाटलीतलं पाणी प्यायलं ते दुपारी बाराला. चार वर्षांचा होता. मधे दोन तास होते. त्या दोन तासांत मी मुलांना पेले मोजायला लावत होतो, आणि वर्ग इतका रंगला होता की सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठेना.

सुटं जाव्हेल तेव्हा फार जहाल यायचं. पोरगा वाचला, पण गळा आतून जळाला, पुढची तीन वर्षं हॉस्पिटलात डॉक्टर नळ्या घालून तो उघडत राहिले. सगळ्या गल्लीने ठरवलं की चूक आईची. खाल्ती मन्नूबिया, सगळ्यांची मावशी, दुसऱ्यांच्या घरी लोकर पिंजायला जायची. तिने जाव्हेल लिमोनाडच्या बाटलीत ठेवलं आणि धागा बांधला नाही, अशीच गोष्ट तयार झाली. मन्नूबियानेही ती मान्य केली. तिला खरंच आठवत नसेल, किंवा गरीब बाईला दोष देणारे इतके जण जमले की तिला स्वतःच्या हातांवरही भरवसा राहिला नसेल. पंधरवड्याने ती शाळेत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माफी मागितली. मुलीचे इतके दिवस बुडाले म्हणून. "माझीच मती फिरली, सीदी. पोरीवर रागावू नका." मी म्हटलं, रागावत नाही. एवढंच म्हटलं. माझ्या टेबलावर तेव्हा वर्गाच्या बाटल्या रांगेत ठेवलेल्या होत्या, वसीलाचीही होती, पाण्याच्या पातळीची खूण केलेली. वसीला दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही काही म्हटलं नाही. दहा वर्षांच्या मुलीने मास्तरकडे बघितलं, मास्तर गप्प आहे म्हणजे गप्प राहायचं असतं, असं ती शिकली. मी शिकवलेल्यापैकी तिच्या सगळ्यांत पक्कं लक्षात राहिलेलं हेच असावं. मन्नूबिया नऊ वर्षांपूर्वी गेली. जनाज्यात मी पहिल्या रांगेत होतो. लोक म्हणाले, मास्तर माणूस जपणारा आहे.

समितीची शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पापुद्रा मी वहीच्या दोन पानांमध्ये घालून नेला, फूल नेतात तसा. टेबलावर वही उघडली. नाइलाला पटकन कळेना, मग कळलं, आणि ती खरंच आनंदाने हसली. "सीदी, तुम्ही आम्हाला मीठ चाटायला लावलं होतंत. मी घरी जाऊन आईलाही लावलं." अनीसने पापुद्रा चिमटीत धरून उजेडाकडे केला, मान हलवली, म्हणाला की बरोबर आहे, हे गटारातून कुठेतरी जातच असणार, पण किती आणि कुठे हे आपल्या काट्यावर मोजता येत नाही. मी म्हटलं, मोजता येत नाही म्हणून शून्य लिहायचं का? नाइलाने पापुद्रा घेतला, तिच्या पाण्याच्या पेल्यात टाकला आणि पेनच्या मागच्या टोकाने ढवळला. आम्ही तिघंही बघत राहिलो. बत्तीस वर्षं मी लावलेला खेळ कुणीतरी माझ्यासमोर पहिल्यांदाच उलटा लावत होतं. "बघा, गेलं," ती म्हणाली, आणि खिडकीतल्या कुंडीत पेला रिकामा केला. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. ती दमली होती, तिला दुपारपर्यंत निकाल वर पाठवायचा होता. शिक्षकाचं दुर्दैव असं की त्याचे विद्यार्थी मूर्ख निघत नाहीत. सगळं समजून घेतात, आणि मग जे सोयीचं तेच करतात. त्याच्यासारखंच.

तरीही गोष्ट तिथे संपली नसती. अनीस माझ्या बाजूला झुकू लागला होता. तो म्हणाला की पानांच्या शून्यापुढे प्रश्नचिन्ह घालू या, आणि बाटली दहा वेळा भरली जाते तर चौतीसला दहाने भागू या. वहीच्या कोपऱ्यात त्याने भागाकार केलासुद्धा, तीन पूर्णांक चार ग्रॅम आले, आणि एवढ्यावर वसीला पहिली येऊ शकत होती. पिंपं जागेवर राहिली असती. मी ती वही बघत होतो, आणि मला शाळेतल्यासारखा, भागाकार बरोबर आल्याचा आनंद होत होता. तेव्हा नाइलाने फॉर्मचं पान उलटलं आणि सुरक्षेचा रकाना वाचला. पाण्याच्या जुन्या बाटल्यांत जाव्हेल आणि साबण भरून देतात. लहान मूल ते पाणी समजून पिऊ शकतं. मी सांगितलं की ती प्रत्येक बाटलीला लाल धागा बांधते. नाइला म्हणाली, धागा सुटतो. मग तिने सरळ, काही मनात न ठेवता विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं; ती तेव्हा जन्मलेलीही नव्हती. "तुम्ही इथे जन्म काढलात, सीदी. असं कधी झालंय का या भागात?"

मी नाही म्हणू शकलो असतो. खोटं बोलून वसीलाचं दुकान वाचवलं असतं, आणि ते माझ्या हातून घडलेलं त्यातल्या त्यात चांगलं खोटं झालं असतं. किंवा मी सगळं सांगू शकलो असतो. एकदा झालं, आणि ते सुट्या जाव्हेलने झालं नाही, दुकानाने झालं नाही, आईने झालं नाही. एका मास्तरला सगळ्या बाटल्या सारख्या दिसायला हव्या होत्या, त्याने धागा सोडायला लावला, त्याला वास आला, त्याला कळलं, आणि त्याने शाबास म्हटलं. हे लिहून घ्या, यालाही रकाना नसला तर समासात लिहा. एवढी वाक्यं डोक्यात क्रमाने उभी होती, फळ्यावर लिहिल्यासारखी. अनीसचं पेन वहीवर टेकलेलं होतं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, शांत, वर्गात असायचा तसा.

"एकदा झालंय," मी म्हणालो. "बाटलीला धागा नव्हता."

यातला शब्द न् शब्द खरा होता. अनीसने तो लिहून घेतला. नाइलाने विचारलं, मूल वाचलं का. मी म्हटलं, वाचलं. तिने मान खाली घातली, आणि मग अनीसने वहीच्या कोपऱ्यातल्या भागाकारावर एक आडवी रेघ मारली, जोरात नाही, नुसती. मतदान झालं तेव्हा मी हात वसीलासाठी वर केला. दोघांनी पानांसाठी केला. कागदावर तशी नोंद आहे, दोनास एक. घरी आल्यावर जलीलाने विचारलं, काय झालं घड्याळाचं? मी म्हटलं, वेळ बरोबर दाखवली. ती ताटली घासत होती. म्हणाली, याला काहीतरी चिकट लागलंय, निघता निघत नाही.

सोळा दिवस मी मासळीबाजाराकडे गेलो नाही. सतराव्या दिवशी घरातला साबण संपला, आणि जलीलाने रिकामी बाटली माझ्या हातात देऊन सांगितलं की परवापासून बंद होणार म्हणतात, जा, शेवटचा भरून आणा. दोन पिंपं आधीच रिकामी करून आडवी पाडून ठेवली होती. तिसऱ्यात तळाशी थोडं होतं. लाज़हर मला बघून नळ सोडून पुढे आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या त्या फटीतून येणाऱ्या आवाजात तो बराच वेळ बोलला, मी कान जवळ नेऊन ऐकलं. सगळ्यांना कळलंय, दोन मतं तिकडे होती आणि एक इकडे. तुम्ही एकटे तरी उभे राहिलात, सीदी. आई असती तर तिने तुमच्यासाठी हातांनी भाकरी केली असती. मी त्याचा घसा वर-खाली होताना बघत होतो. हात सोडवून घ्यायला मला जमलं नाही, त्यानेच सोडला, कारण त्याला पिंपं रिक्षात चढवायची होती.

वसीला गल्ल्यामागे होती. तिच्यासमोर निकालाचा कागद घडी उलगडून ठेवलेला होता, वर लोकरीचा गुंडा, उडू नये म्हणून. उलट्या बाजूनेही मला ती ओळ वाचता आली. बत्तीस वर्षं मी मुलांच्या वह्या उलट्या बाजूने वाचल्या आहेत. 'समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी दिलेल्या माहितीनुसार या परिसरात धागा नसलेल्या बाटलीमुळे पूर्वी अपघात झालेला आहे.' तिने माझ्या हातातली बाटली घेतली. उजेडात धरली, उलटी करून थेंब झटकला. मग नाकाशी नेली. तिने वास घेतला तेव्हा तिची नजर बाटलीवर नव्हती, माझ्यावर होती. मी वाट बघत होतो की ती काहीतरी म्हणेल. म्हणावं असं मला फार वाटत होतं. तिने म्हटलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. तिने गुंड्यातून वीतभर लाल धागा तोडला. बांधला नाही. बाटली आणि धागा, दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

"तुम्ही बांधा, सीदी," ती म्हणाली.

मी बाटलीच्या गळ्याभोवती धागा घेतला. माझी बोटं आताशा तितकीशी ऐकत नाहीत, सांधे सुजतात. पहिली गाठ बसली, दुसरी मारताना पहिली सैल झाली. मी सुटलेलं टोक पुन्हा आत घालून ओढलं आणि ठीक आहे अशा अर्थाने बाटली तिच्याकडे सरकवली. तिने नख घालून धागा ओढून पाहिला. तो गळ्यावरून अलगद निघून तिच्या बोटात आला. मागे रस्त्यावर लाज़हर पिंप चढवत कुणाला तरी हाक मारत होता, आणि ती कुणालाच ऐकू जात नव्हती. वसीलाने धागा सरळ केला, दोन्ही टोकं सारखी करून माझ्या तळहातावर ठेवला.

"पुन्हा," ती म्हणाली. "घाई नाही."